लोकरीवर ठेवलेली इस्त्री

मी एकदा स्वतःच्या केसांना इस्त्री केली आहे. कपड्यांच्या इस्त्रीने, दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीत. आणि करण्याआधी त्या विषयावर वाचनही केलं होतं.

यातला वाचनाचा भाग मी सहसा सांगत नाही. माणसाने वेडेपणा केला तर लोक माफ करतात. अभ्यास करून केला, तर त्यांना भीती वाटते.

हे ज्या वहिनीपायी केलं ती मागच्या चैत्रात गेली. तेव्हापासून घरात दुपार फार लांबते, आणि त्या लांबलेल्या दुपारी हे सगळं डोळ्यांपुढून सावकाश जात राहतं, पाण्याखालची वस्तू दिसावी तसं. थोडं हलतं, थोडं वाकडं दिसतं. तरी जमेल तसं लिहिते.

आधी केसांविषयी. दादाचे केस बाबांवर गेले: मऊ, सरळ, आणि तिशीच्या आत पसार. माझे आले आजोळाहून, रत्नागिरीकडून. तिकडे नारळाच्या सोडणाचा काथ्या वळतात. माझं डोकं बघून कुठलाही जाणकार म्हणाला असता, माल चांगला आहे. जाड, राठ आणि कोरडे. धुतले की तीन दिवस कुणाचं ऐकत नसत. त्यात भाईंदरची हवा. खाडीवरून, मिठागरांवरून येणारा वारा आमच्या गॅलरीच्या लोखंडी जाळीला वर्षभरात गंज चढवायचा, तो माझ्या केसांना सोडतोय थोडाच! कॉलेजच्या ग्रुप फोटोत माझ्यामागे दोन मुली उभ्या आहेत. त्या कोण, हे आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही.

मी शाळेत ग्रंथपाल होते. सकाळचं सत्र, दुपारी घरी. भाईंदर पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावर आई, दादा, वहिनी आणि मी असे चौघं राहायचो. (शैलाचे केस धरून पाच, असं दादा म्हणायचा. ज्याचं जातं त्यालाच मोजायची सवय.)

रोहिणीवहिनी गुहागरकडची. बोलणं कमी, पण हात कधी रिकामे नाहीत. त्या वर्षी ती स्टेशनजवळच्या एका ब्युटी पार्लरच्या क्लासला जायला लागली. सहा महिन्यांचा कोर्स, शेवटी परीक्षा. दादाची अट एकच होती. सर्टिफिकेट आणलंस तर बंद गॅलरी तुझी, तिथे पार्लर काढ. नाही आणलंस तर तिथे त्याची व्यायामाची सायकल राहील. ती सायकल त्याने मोठ्या हौसेने आणली होती आणि तिच्यावर आजवर फक्त ओले टॉवेल बसले होते.

 एका दुपारी मी शाळेतून आले तेव्हा वहिनी गॅलरीत सुतळी घेऊन बसली होती. सायकल थोडी सरकवून भिंतीची लांबी मोजत होती आणि सुतळीला गाठी मारत होती. ही खुर्ची, हा आरसा, इथे बसायला बाकडं, असं तिने मला बोटाने दाखवलं. मग सुतळी गुंडाळून कपाटातल्या ब्लाउजच्या कप्प्यात, साड्यांच्या खाली ठेवून दिली. काही माणसं तिथे सोनं ठेवतात.

परीक्षेसाठी प्रत्येक मुलीला चिठ्ठी उचलायची होती. कुणाला मेंदी आली, कुणाला नवरीचा खोपा आला. वहिनीच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: जाड, राठ, कोरडे केस, कमीत कमी उष्णता वापरून सरळ करणे, वेळ पाऊण तास, मॉडेल स्वतः आणावी. चिठ्ठी घेऊन ती घरी आली, चपला काढता काढता दारातच थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. बाजारात हवा तसा फणस नजरेला पडल्यावर बाई बघते, तशी. माझ्या केसांची कुणालातरी गरज पडली, असं आमच्या घराण्यात पहिल्यांदाच घडत होतं. मी पुस्तक मिटलं आणि हो म्हटलं.

त्यानंतरच्या पंधरा दिवसांतल्या दुपारी मला अजून जशाच्या तशा आठवतात. वहिनी मला गॅलरीजवळ स्टुलावर बसवायची. पाणी कोमट, गरम नको, राठ केसांतलं उरलंसुरलं तेल गरम पाणी ओढून नेतं, म्हणायची. कंडिशनर टाळूला नाही, केसांच्या लांबीला. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती ओढणीत दाबून पाणी टिपायचं. कंगवा मोठ्या दातांचा, आणि सुरुवात टोकांकडून. वरून ओढलं तर गुंता खाली जाऊन बसतो. ड्रायर अगदी शेवटी, हातभर लांबून, मंद. बाहेर कुठेतरी भंगारवाल्याची हाक विरत जायची, जाळीतून आलेलं ऊन फरशीवर हळूहळू सरकायचं, आणि मांडीवरचं पुस्तक त्याच पानावर उघडं राहून मी पेंगायला लागायचे. आपल्या डोक्याशी कुणी इतकं शांतपणे वागू शकतं हे मला माहीत नव्हतं. आजवर जो तो त्याच्याशी झटापटच करत आला होता.

एकच अडचण होती. पाऊण तासाच्या कामाला वहिनीला दोन तासही पुरत नव्हते. घड्याळाकडे बघून ती म्हणायची, होईल. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने भात तसाच ताटात ठेवला, तेव्हा मला कळलं की ते 'होईल' काही खरं नाही.

परीक्षेच्या दिवशी ती सकाळीच क्लासला गेली. माझी वेळ दुपारी तीनची, मी शाळेत रजा टाकली होती. जाताना कपाटाच्या आरशावर कागद चिकटवून गेली: केस धुतलेले आहेत, पुन्हा धुऊ नये. तेल नको. ऊन नको. काहीही करू नये. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

दहा वाजता आई तेलाची वाटी घेऊन आली.

आईचं म्हणणं असं की परीक्षेला कोरड्या डोक्याने कुणी जात नाही. माझ्या बीएपर्यंतच्या प्रत्येक पेपरला तिने सकाळी तेल थापलं होतं आणि मी एकदाही नापास झाले नव्हते. परीक्षा माझी नाही, वहिनीची आहे, हे मी सांगेपर्यंत अर्धी वाटी टाळूवर रिकामी झाली होती. (आईचं तेल नेहमी परवानगीच्या आधी येतं.)

तेल कोमट पाण्याने जाईना. मग मी कढत पाणी घेतलं. दोनदा शाम्पू लावला, तिसऱ्यांदा आईची शिकेकाई. टॉवेलने खसाखसा पुसलं आणि पंख्याखाली बसले. साडेअकरा वाजता आरशात बघितलं, तर केस आरशात मावत नव्हते. पंधरा दिवसांची मेहनत एका अंघोळीत वाहून गेली होती, आणि तेल काही पूर्ण गेलं नव्हतं. आत कुठेतरी दबा धरून बसलं होतं. हे डोकं घेऊन गेले तर वहिनीला दोन नाही, चार तास लागणार. म्हणजे नापास. म्हणजे सायकल.

या क्षणी एखाद्या साध्या बाईने वहिनीला फोन केला असता. मी पुस्तकांच्या कपाटाकडे गेले.

शाळेतून आणलेला ज्ञानकोशाचा एक जुना खंड माझ्याकडे होता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की माणसाचा केस आणि मेंढीची लोकर मूळ एकाच द्रव्याची बनलेली असतात. मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग इस्त्रीजवळ गेले. तिच्या चकतीवर चार खुणा होत्या: नायलॉन, रेशीम, लोकर, सुती. इतक्या स्पष्टपणे आयुष्यात मला कुणी मार्गदर्शन केलं नव्हतं. थोडे सरळ करून नेले की पाऊण तासात वहिनीचं काम होईल, कुणाला कळणारही नाही, असा माझा हिशेब.

स्वतःच्या केसांना स्वतः इस्त्री करता येत नाही, म्हणून आईला बोलावलं. तिला वाटलं क्लासमध्ये असंच शिकवतात. जेवणाच्या टेबलावर चादरीची घडी घातली, त्यावर मी गाल टेकवून आडवी झाले आणि उजव्या बाजूचे केस आईने चादरीवर पसरले. दादाचे शाळेचे शर्ट, बाबांचे ऑफिसचे, सगळे तिच्याच हातचे. कॉलरला एक सुरकुती राहिली तर तिला झोप यायची नाही. लोकरीला ओलं फडकं लागतं हे तिला पुस्तक न वाचता माहीत होतं. फडकं पसरलं, वर पाण्याचा हबका मारला आणि इस्त्री फिरवली. चर्र आवाज झाला, वाफ आली. फडकं उचललं तर खाली केस सरळ! कागदासारखे, चपटे, आईच्या शिस्तीत.

तिथेच आम्ही दोघी बिघडलो. यश आलं नसतं तर थांबलो असतो.

मी दुसऱ्या अंगावर वळले. डावी बाजू पसरली. आई आता फडक्याच्या फंदात पडली नाही. सवय झाल्यावर कोण पडतं? दोन हात मारले आणि दारावर थाप पडली. पालीहून येणारी कोळीण होती, डोक्यावर पाटी. आई इस्त्री हातात घेऊन दाराकडे गेली असती तर आज ही गोष्ट नसती. पण इस्त्रीची वायर तोकडी. तिने ती होती तिथेच ठेवली.

होती तिथे म्हणजे माझ्या केसांवर. मी उठू शकत नव्हते, कारण इस्त्री जड होती आणि मी तिच्याखाली खिळलेली होते. दारात बोंबलांवरून घासाघीस चालू होती. मला टेबलाच्या पातळीवरून फक्त मिठाची बरणी दिसत होती.

"आई, वास येतोय."

"येणारच. मासे आहेत ते."

तेवढ्यात कोळणीनेच पाटी खाली ठेवली आणि हवा हुंगली. "बाय, घरान काय जलतंय? ही माजी मासली न्हाय."

आई धावली. इस्त्री उचलली, तर तिच्याबरोबर केसांची एक बट उचलली गेली आणि अर्ध्या वाटेत तुटून पडली. आत दबा धरून बसलेलं तेल बाहेर आलं होतं. त्याला रीतसर तळण म्हणतात. डाव्या कानाखाली इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा तपकिरी त्रिकोण तयार झाला होता, त्यातले केस एकमेकांना चिकटून कुरकुरीत झाले होते. हात लावला की भाजलेल्या शेवयांसारखे मोडायचे. कोळणीने आत डोकावून माझ्याकडे बघितलं आणि बोंबलांचा भाव न बोलता उतरवला.

आई खुर्चीवर बसली.  सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं लहानपणापासून ऐकत आले, म्हणाली, पण इथे दोन्ही गेलं गं शैले. मग ती रडायला लागली. मी तिला समजावत होते की केस काय, पुन्हा येतील. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती गाठी मारलेली सुतळी होती.

डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून मी रिक्षा केली. स्टेशनच्या रस्त्यावर नेहमीची गर्दी होती, भाजीवाले, फुलवाले, दुपारचं पांढरं ऊन, आणि त्या सगळ्यातून मी तरंगत चालल्यासारखी जात होते. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं आणि हिंदीत विचारलं की कुछ जल रहा है क्या. मी नाही म्हटलं. तेव्हा खरंच काही जळत नव्हतं. जळून झालं होतं.

क्लासमध्ये सहा आरसे, सहा खुर्च्या, सहा मुली. क्लासच्या गुजराती मॅडम पुढे होत्या, आणि ठाण्याहून आलेल्या परीक्षक बाई: आखूड पिकले केस, गळ्यात चष्मा, हातात छोटा डिजिटल कॅमेरा. प्रत्येक मॉडेलचा त्या सुरुवातीला एक फोटो काढत होत्या आणि शेवटी एक काढणार होत्या. मी खुर्चीत बसले. वहिनीने ओढणी सोडली आणि त्याच क्षणी फ्लॅश पडला.

 पलीकडच्या खुर्चीजवळचा ड्रायर बंद झाला.

वहिनीने तो त्रिकोण दोन बोटांत धरला. तिच्या बोटांत थोडा भुगा आला. तिने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"लोकरीवर ठेवली होती," मी म्हटलं.

"काय?"

"इस्त्री. सुतीवर नाही. लोकरीवर."

वहिनीचे ओठ घट्ट मिटले. ती रडणार आहे की हसणार, हे मला कळेना, बहुतेक तिलाही. मॅडम तरातरा पुढे आल्या. "रोहिणी, ये क्या लाई है? ये मॉडल नहीं चलेगा, बेन. दूसरा बुलाओ." परीक्षक बाईंनीही चष्मा लावून बघितलं आणि सांगितलं की बदली मॉडेल आणायला अर्धा तास देते, नियमात बसतं. खालच्या दुकानातली एक मुलगी तयारही झाली होती. मी खुर्चीतून उठायला लागले.

वहिनीने माझा खांदा दाबून मला परत बसवलं.

"नको मॅडम, हीच राहू दे," ती म्हणाली. "उद्या माझ्याकडे येणाऱ्या बायका अशाच येणार ना. घरी काहीतरी करून बसलेल्या."

पाऊण तास सुरू झाला. तिने ड्रायरचं बटण लावलंच नाही. कात्री घेतली आणि जळलेलं सगळं कापलं. ते मानेपर्यंत आलं, मग उजवी बाजूही तेवढीच. आईच्या शिस्तीतले केस जमिनीवर सरळ रेषेत पडले होते. मग पाण्याचा फवारा, कोमट. कंडिशनर, लांबीला. मोठ्या दातांचा कंगवा, टोकांकडून. आजूबाजूला ड्रायर एकसारखे घुमत होते, समुद्राच्या आत कान घातल्यासारखा तो आवाज येत होता, गरम हवेत निरनिराळे वास मिसळत होते, आणि मधोमध आमच्या खुर्चीपाशी मात्र गारवा होता. सुती ओढणीत ती मूठमूठ केस दाबत होती. मी डोळे मिटले. अपराधी माणसाला इतकं बरं वाटू नये, हे कळत होतं.

वेळ संपली तेव्हा माझे केस मानेशी लहरी घेऊन बसले होते. सरळ नव्हते. पण शांत होते.

परीक्षक बाईंनी चिठ्ठी वाचून दाखवली: सरळ करणे. हे सरळ आहे का? वहिनीने सांगितलं की नाही, आणि आज होणारही नाही. आज आणखी उष्णता लावली तर उरलेलेही तुटतील. दोन-तीन महिने नुसता ओलावा द्यायचा आणि टोकं कापत राहायची. चिठ्ठीत कमीत कमी उष्णता लिहिलंय, मी शून्य वापरली. बाईंनी एक केस दोन बोटांत ताणून बघितला. मग विचारलं, "गिऱ्हाइकाला नाही म्हणायला जमेल तुला?"

"गिऱ्हाइकाला जमेल," वहिनी म्हणाली. "नणंदेला कागदावर लिहून दिलं होतं, तिथे नाही जमलं."

बाई हसल्या. ड्रायरचे सगळे गुण कापले, आणि तरी वहिनी पास झाली. काठावर, एक गुण इकडचा तिकडे झाला असता तर सायकल जिंकली असती.

शेवटचे फोटो काढताना कॅमेऱ्याची बॅटरी माझ्याआधी संपली. त्यामुळे सर्टिफिकेटबरोबर पाकिटातून माझा एकच फोटो आला, पहिला. दादाने शब्द पाळला, सायकल माझ्या पलंगाशेजारी आली, गॅलरीत सुतळीच्या गाठींप्रमाणे खुर्ची आणि आरसा लागला. उद्घाटनाच्या दिवशी बघते तर आरशाच्या बाजूला दोन सारख्या फ्रेमा. एकीत मी, खाली लिहिलेलं 'आधी'. दुसरी रिकामी, खाली 'नंतर'.

मी खूप भांडले. वहिनी म्हणाली, "तुझे केस सुधारले की दुसरा लावू. तोवर हा राहू दे, बायकांना धीर येतो."

मग दर रविवारी, पार्लर उघडायच्या आत, ती मला त्या खुर्चीत बसवायची. कोमट पाणी, ओढणी, कंगवा. गुडघे दुखायला लागले तरी उभी राहूनच करायची. शेवटी केसांचं टोक उजेडात धरून बघायची आणि म्हणायची, अजून थोडं राहिलंय. असं अठरा वर्षं राहिलं. केस कधीच सुधारले होते. मला दिसत होतं, तिलाही दिसत असणार. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर रविवार संपले असते. रिकाम्या फ्रेममध्ये तिने हळूच पार्लरचं दरपत्रक लावून टाकलं.

तेराव्याला इतक्या बायका आल्या की जिन्यापर्यंत चपला होत्या. अनोळखी बायका सरळ माझ्या गळ्यात पडून रडत होत्या. मला वाटलं, वहिनी माझ्याविषयी चांगलं काहीतरी बोलत असणार. मग लक्षात आलं, अठरा वर्षं त्या खुर्चीत बसून या सगळ्या माझ्या फोटोकडे बघत आल्या होत्या. मी त्यांच्या ओळखीची होते. एक वयस्कर बाई जाता जाता थांबल्या आणि फार मायेने विचारलं, "आता कसे आहेत हो केस?"

खोटं कशाला बोलायचं? मी डोक्यावरचा पदर मागे घेतला. पंधरा दिवस कुणाचा हात लागला नव्हता, त्यामुळे ते होते तसे उभे राहिले. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे, परत माझ्याकडे, आणि डोळे पुसत म्हणाल्या, "फोटोत निदान एक बाजू सरळ होती."